ड जीवनसत्त्व, ऊन आणि मुंबईच्या उपनगरांतल्या स्त्रियांची हालचाल

ड जीवनसत्त्व आहारातून थोडे मिळते आणि कातडीत जास्त तयार होते. उन्हातले साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण उघड्या त्वचेवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या जातीच्या एका द्रव्यापासून ड-३ बनते. त्यावर यकृतात एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, आणि मग ते कामाला लागते. त्याचे मुख्य काम म्हणजे आतड्यांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तात घेणे. ते पुरेसे नसेल तर ताटात नाचणी, दूध, तीळ असूनही त्यांतले थोडेच कॅल्शियम अंगी लागते. हृदय, स्नायू आणि मज्जातंतूंना तर कॅल्शियमविना क्षणभरही चालत नाही. त्यामुळे रक्तातले प्रमाण घसरू लागले की मानेतल्या परावटू ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि हाडांत साठवलेले कॅल्शियम बाहेर काढले जाते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की त्याची भरपाई हाडांना करावी लागते.

शरीरात हे जीवनसत्त्व किती आहे ते रक्ततपासणीत कळते. यकृतात तयार होणारे रूप रक्तात दोन-तीन आठवडे टिकते, म्हणून तेच मोजतात. अहवालावर आकडा मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये येतो. २० च्या खाली कमतरता ही मर्यादा बहुतेक ठिकाणी मानली जाते. १२ च्या खालचा आकडा हाडांच्या दृष्टीने धोक्याचा असतो, याबद्दल तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. वाद आहे तो २० ते ३० या पट्ट्याचा. अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये ३० हे लक्ष्य सांगितले होते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शनात तिने ते सोडून दिले आणि धडधाकट प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये, असेही सांगितले. आपल्याकडच्या अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर मात्र अजून ३० हीच पुरेसेपणाची रेघ छापलेली असते. त्यामुळे २४ किंवा २६ आकडा आलेल्या कितीतरी बायका स्वतःला आजारी समजून बसतात. ही भीती अनाठायी आहे.

तरीही मुंबईतली कमतरता खरी आहे. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २५ ते ३५ वयाच्या अकराशेहून अधिक निरोगी तरुण-तरुणींची तपासणी केली होती. २०११ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांचा आकडा २० च्या खाली होता आणि स्त्रियांची सरासरी पुरुषांपेक्षाही कमी होती. ही माणसे दवाखान्यात आलेले रुग्ण नव्हती, आपापल्या कामात असलेली तरुण माणसे होती.

मुंबईत उन्हाचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. शहर उत्तर अक्षांश १९ वर आहे. मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशीदेखील दुपारी साडेबाराच्या सुमाराला माणसाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी आखूडच पडते. ही सावलीची खूण कामाची आहे. सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हा सूर्य पुरेसा वर असतो आणि ड जीवनसत्त्व बनवणारे किरण जमिनीपर्यंत भरपूर पोहोचतात. सावली लांब असते तेव्हा किरणांना वातावरणाचा जाड थर तिरका ओलांडावा लागतो आणि नेमके हेच किरण वाटेत शोषले जातात. मुंबईत मे महिन्यात सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेचारपर्यंत सावली आखूड असते. डिसेंबरात हा अवधी साडेअकरा ते दीड एवढाच उरतो. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे हा घराघरांतला सल्ला मनाला आणि झोपेच्या घड्याळाला चांगला असला तरी ड जीवनसत्त्वासाठी फारसा उपयोगी नाही.

म्हणजे प्रश्न ऊन किती आहे हा नसून सावली आखूड असताना स्त्री कुठे असते, हा आहे. या प्रश्नाची एक जुनी, चोख नोंद महाराष्ट्रातच झालेली आहे, ही गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुडदुसाचे, म्हणजे लहान मुलांची हाडे मऊ होऊन वाकण्याच्या विकाराचे, कारण आहार की ऊन, यावर युरोपात जोराचा वाद चालू होता. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरने देशोदेशीच्या मिशनरी डॉक्टरांकडून माहिती मागवून, सूर्यप्रकाश कमी तिथे मुडदूस जास्त असे दाखवून दिले होते. पण त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे एडवर्ड मेलनबीने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून माशाच्या तेलाचा गुण दाखवला, तर बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याने मुले बरी केली. दोघांचे निष्कर्ष १९१९ चे. एक म्हणे आहार, दुसरा म्हणे प्रकाश.

अशा वेळी नाशिकमध्ये काम करणारे डॉ. हचिसन यांनी तिथल्या वेगवेगळ्या समाजांतली कुटुंबे तपासली. डॉ. शाह यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नाशिकच्या गरीब कष्टकरी कुटुंबांचा आहार निकृष्ट होता, पण स्त्रिया दिवसभर बाहेर राबत आणि तान्ही मुलेही त्यांच्याबरोबर उघड्यावर असत. त्यांच्यात मुडदूस आढळला नाही. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पडदा पाळणाऱ्या मुसलमान आणि वरच्या जातींतल्या हिंदू घरांत मात्र तो सर्रास होता. तिथे लहान मुलांना मुडदूस होई आणि वयात येणाऱ्या मुलींना व तरुण आयांना हाडे मऊ होण्याचा विकार जडे. पैसा, दूध, तूप असून ऊन नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेत एल्मर मॅक्कॉलम यांनी माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक अ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे सिद्ध केले. लवकरच त्याला ड हे नाव मिळाले आणि आहार व ऊन या दोन वाटा एकाच द्रव्याशी येऊन मिळतात, हे हळूहळू स्पष्ट झाले.

नाशिकच्या त्या कष्टकरी बाईला ऊन आणि व्यायाम या दोन निराळ्या गोष्टी म्हणून मिळत नव्हत्या. शेतात वाकणे, डोक्यावर भार घेणे, चालणे आणि अंगावर ऊन पडणे हे सारे एकाच कामात घडत होते. तिचे आयुष्य सुखाचे नव्हते, बाळंतपणे आणि उपासमार तिच्या वाट्याला होतीच. पण हाडांना लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तिला न मागता मिळत. आजच्या उपनगरांत त्या दोन्ही एकमेकींपासून तुटल्या आहेत.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईचा दिवस पाहा. खास महिलांसाठीची लोकल या मार्गावर ५ मे १९९२ रोजी सुरू झाली, यावरूनच सकाळी उपनगरांतून किती स्त्रिया कामावर निघतात हे कळते. घरातून निघताना सावली लांब, ऑफिसात शिरल्यावर दिवसभर छत, परतताना संध्याकाळ. तिचे चालणे कमी नसते. स्टेशनपर्यंतची पायपीट, पुलाचे जिने, डब्यात तासभर उभे राहणे यांत शरीर बऱ्यापैकी वापरले जाते, पण उन्हाशी त्याची गाठ पडत नाही. २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आली आणि नंतर दहिसर-अंधेरीच्या दोन मार्गिका सुरू झाल्या. त्यामुळे प्रवासाचे हाल कमी झाले ही मोठीच सोय. मात्र उन्हातून चालण्याचे जे काही तुकडे उरले होते, तेही आता छताखाली आणि काचेआड गेले. साधी काच ड जीवनसत्त्व बनवणारे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. खिडकीशेजारी बसून अंग तापते, ड जीवनसत्त्व मात्र बनत नाही. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा एमआयडीसीत काचेच्या भिंतीआड काम करणाऱ्या मुलीची गत हीच आहे.

घरी असणाऱ्या स्त्रीचे चित्र वेगळे दिसले तरी परिणाम तोच आहे. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे दिसले. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. पाच तासांचे केर-लादी, स्वयंपाक, धुणी-भांडी ही हालचालच आहे आणि तिला व्यायामात न धरणे हा बायकांवर अन्याय आहे. पण ती सारी ओट्याशी आणि मोरीत होते, ऐन दुपारी. त्यात इमारतींची गर्दी. पूर्व उपनगरात गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे आणि खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. जुन्या चाळींत निदान गॅलरी होती, समोर अंगण होते. पापड-कुरडया वाळत घालायला, गहू निवडायला बायका तिथे बसत.

कातडीचा रंगही यात भाग घेतो. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य किरण अडवते, म्हणून गोऱ्या त्वचेपेक्षा तिला तेवढेच ड जीवनसत्त्व बनवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. युरोप-अमेरिकेच्या मासिकांत छापलेली दहा-पंधरा मिनिटांची शिफारस इथे लागू पडत नाही. पुण्याच्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण पुरुषांत केलेल्या अभ्यासात २० च्या वर आकडा राहण्यासाठी दुपारच्या वेळात रोज तासाहून जास्त ऊन लागते असे दिसून आले. अंग पूर्ण झाकणारा पेहराव, धूर आणि धूळ यांनी हा वेळ आणखी वाढतो. हवेतल्या धुळीचा परिणाम दिल्लीत २००२ मध्ये लहान मुलांच्या रक्ततपासणीतून दिसलेला आहे. धुरकट भागातल्या मुलांचे आकडे स्वच्छ हवेतल्या मुलांपेक्षा खाली होते. जून ते सप्टेंबर ढगांचे महिने, तेव्हा बाहेर पडणेही कमी होते.

आता शारीरिक हालचालीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी आणि त्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायाम करावा. याच संघटनेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष यात कमी पडत होते. महाराष्ट्रासह चार प्रदेशांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोक निष्क्रिय आढळले. मोकळ्या वेळात खेळणारे वा व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते.

हालचाल जास्त असणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात ड जीवनसत्त्वही जास्त सापडते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. त्यावरून व्यायामाने ड जीवनसत्त्व वाढते असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. त्यात तीन वेगवेगळे धागे गुंतलेले आहेत. पहिला आणि सर्वांत जाड धागा उन्हाचा. बाहेर चालणारी, खेळणारी स्त्री उन्हात असते. दुसरा धागा चरबीचा. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते आणि तिथे अडकून राहते. अमेरिकेतल्या, सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारखेच अतिनील किरण देऊनही स्थूल व्यक्तींच्या रक्तातली वाढ सडपातळ व्यक्तींच्या निम्म्याहूनही कमी भरली. हालचालीने चरबी आटोक्यात राहिली तर रक्तातला आकडा सुधारण्याची शक्यता असते. तिसरा धागा उलट दिशेने जातो. ज्या बाईचे अंग दुखते, जिन्यावर मांड्या भरून येतात, ती बाहेर पडणेच टाळते. म्हणजे कमतरतेमुळेही हालचाल घटते. बंद खोलीतल्या जिममध्ये रोज तासभर घाम गाळणाऱ्या तरुणीचा आकडा ११ येतो तेव्हा तिला आश्चर्य वाटते, पण अंगावर ऊनच पडलेले नसल्याने त्यात नवल काही नाही.

या तिसऱ्या धाग्याकडे घरांत आणि दवाखान्यांतही पुरेसे लक्ष जात नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता तीव्र आणि दीर्घ असली की मांड्या, कुल्हे आणि खांदे यांचे स्नायू दुबळे होतात. मांडी घालून बसलेल्या बाईला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात थरथरतो, चाल डुलती होते. पाठ, बरगड्या आणि नडगी दाबल्यावर दुखतात. हा हाडे मऊ होण्याचा विकार, अस्थिमार्दव. यात हाडाचा सांगाडा असतो, पण त्यात खनिज भरले जात नाही. अस्थिसुषिरता ही निराळी गोष्ट. तीत हाडाची घडण नीट असते, पण एकूण हाडच विरळ होते आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांत तिचा वेग वाढतो. ती मुकाट वाढते आणि मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावरच कळते. एकाच स्त्रीला दोन्ही असू शकतात. अस्थिमार्दव मात्र ओळखले गेले तर काही महिन्यांत बरे होणारे दुखणे आहे. चाळिशीतल्या बाईची अशी तक्रार वयाच्या किंवा बाळंतपणाच्या खात्यावर टाकून सोडून देणे योग्य नाही.

ड जीवनसत्त्व हाडाला माल पुरवते, पण हाड किती आणि कुठे बांधायचे हे त्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. हाडाच्या आतल्या पेशी ताण ओळखतात आणि ताण पडेल तिथे भर घालतात. म्हणून अंगाचे वजन पेलून केलेली आणि धक्का देणारी हालचाल हाडांना उपयोगी पडते, जसे भरभर चालणे, जिने चढणे, दोरीवरच्या उड्या, फुगडी, वजन उचलणे. पोहणे हृदयाला उत्तम आहे, हाडांना त्याचा फायदा कमी. तिशीपर्यंत हाडांची पुंजी भरते, पुढे ती राखायची असते. उतारवयातही वेळ गेलेली नसते. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास देखरेखीखाली भारी वजने उचलायला लावली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. आपल्याकडे वयस्क बाईला वजन उचलू नको असे प्रेमाने सांगतात. हाड मोडलेले नसेल आणि शिकवणारी व्यक्ती जाणकार असेल, तर हा सल्ला बदलायला हवा.

आहाराचा वाटा लहान आहे, पण तो सोडून देण्याजोगा नाही. तारली, बांगडा यांसारख्या तेलकट माशांत आणि अंड्याच्या बलकात ड जीवनसत्त्व असते. घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीतल्या हजारो शाकाहारी आणि जैन घरांना ते उपलब्ध नाही. त्यांच्यासाठी ड जीवनसत्त्व मिसळलेले दूध आणि तेल आहे. २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा दुधाच्या लिटरमध्ये २०० ते ३०० युनिट ड जीवनसत्त्व घालतात आणि पिशवीवर निळ्या रंगाचे अधिक-एफ हे चिन्ह असते. प्रौढांची रोजची गरज २०२० च्या राष्ट्रीय शिफारशीनुसार ६०० युनिट धरली आहे, म्हणजे दिवसाच्या दोन कप दुधाने तिचा लहानसाच भाग भागतो. कॅल्शियमची गरज १००० मिलिग्रॅम. त्यासाठी दूध-दही, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला हे जवळचे आणि स्वस्त पदार्थ आहेत.

राहिला औषधाचा भाग. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, आठ आठवडे, हा उपचार सर्वत्र दिला जातो आणि कमतरता असलेल्या व्यक्तीला तो उपयोगी आहे. गोंधळ होतो तो नंतर. पुडी महिन्याला एक करायची असते, ती वर्षानुवर्षे आठवड्याला चालू राहते. कधी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर दुसरीच बाई ती घेते. कधी लागोपाठ इंजेक्शने टोचून घेतली जातात. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, साठते. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम चढते, मळमळ, बद्धकोष्ठ आणि मुतखड्यापासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाते. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा डोस दिला. त्या निम्म्या जणींत पडण्याचे आणि हाड मोडण्याचे प्रमाण कमी न होता वाढले. ज्यांना कमतरताच नाही अशांना रोजच्या गोळीचाही लाभ दिसत नाही. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या चाचणीत रोज २,००० युनिट घेऊनही हृदयविकार, कर्करोग किंवा हाडे मोडणे कमी झाले नाही. गर्भवती, पंचाहत्तरीपुढच्या स्त्रिया, अंग पूर्ण झाकून वावरणाऱ्या, फिट येऊ नये म्हणून गोळ्या घेणाऱ्या, यकृत-मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रियांनी मात्र डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्यावा. तपासणीची खरी गरजही त्यांना आणि वर सांगितलेली लक्षणे असलेल्यांना आहे.

उपनगरांत व्यायामाच्या जागा अगदीच नाहीत असे नाही. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, अंधेरीचे शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुलुंड पूर्वेचे चिंतामणराव देशमुख उद्यान ही सारी पहाटे बायकांनी फुललेली असतात. सहा-सात वाजता चालून परतणारी स्त्री हृदय, साखर आणि हाडे यांच्यासाठी मोलाचे काम करून येते. उन्हाचा हिशेब तिला वेगळा जुळवावा लागतो. एप्रिल-मेच्या काहिलीत भर दुपारी उभे राहणे धोक्याचे आहे. तेव्हा साडेनऊ-दहाचे ऊन पुरते, कारण त्या दिवसांत सावली लवकर आखडते. हिवाळ्यात मात्र जेवणाच्या सुट्टीचीच वेळ गाठावी लागते. चेहरा झाकला तरी चालतो, हात कोपरापर्यंत आणि पाय नडगीपर्यंत उघडे असले तर जास्त कातडी कामाला येते. त्वचा लाल होईपर्यंत थांबू नये.

अशी उघडी, खासगी आणि घराजवळची जागा बहुतेक इमारतींत असते. ती म्हणजे गच्ची. पण पाण्याच्या टाक्या, सुरक्षा आणि भांडणे यांची कारणे देऊन ती बारा महिने कुलपात ठेवली जाते आणि किल्ली सेक्रेटरीकडे असते. कठडा नीट असेल तिथे सोसायट्यांनी ऑक्टोबर ते मार्च रोज दुपारी आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेनऊपासून दोन तास गच्ची स्त्रियांसाठी उघडी ठेवावी. त्याला खर्च नाही, वार्षिक सभेतला एक ठराव पुरतो.